हाक नावाचा प्रोग्रॅम

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क छान गेला. मावशीने डब्यात मेथीचे पराठे दिले. काकांनी ही डायरी दिली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या जुन्या ऑफिसातून दर वर्षी एक डायरी येते आणि कपाटात कोरी पडून राहते. सगळं वर्ष मोकळं टाकून मी नोव्हेंबरात लिहायला बसले आहे.

मयूर विहारहून मेट्रो, राजीव चौकाला बदलायची, पुढे थेट गुरुग्राम. पुण्यातली कंपनी बंद पडल्यापासून लातूरला घरी बसून होते, त्यामुळे गर्दीत उभं राहायलाही मजा वाटली. आमची कंपनी छोटी आहे. एका मोठ्या सोसायटीची सगळी यंत्रं ती सांभाळते, म्हणजे गेट, लिफ्ट, पाण्याचे पंप, इंटरकॉम आणि रहिवाशांचं तक्रारीचं ॲप. ऑफिसही सोसायटीच्याच क्लबहाऊसवर आहे. माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतून मुख्य गेट दिसतं आणि त्याच्या बाजूने बेसमेंटमध्ये उतरणारा उतार. हवा इतकी खराब आहे की समोरचे टॉवर पेन्सिलने हलकेच काढल्यासारखे वाटतात.

साहेब जयदीप सर. मूळचे मराठी, पण जन्म आणि शाळा सगळं करोल बागेत. त्यांचं मराठी ऐकून हसू दाबावं लागतं. म्हणाले, तू बिल्कुल टेन्शन नको घेऊ, स्क्रिप्ट चांगला चालतो, फक्त एक हिस्सा बंद पडला आहे, तेवढा चालू करून दे.

संध्याकाळी मावशीने शिरा केला होता. उद्या काम सुरू.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मावशीने विचारलं, तू नेमकं करतेस काय. मी तिला तिचंच उदाहरण दिलं. ती स्वयंपाकघरातून काकांना सांगते, गॅलरीचं दार लावा. स्वतः उठत नाही. काका ‘लावलं’ म्हणेपर्यंत थांबते आणि मगच पुढचा फुलका टाकते. आमची स्क्रिप्ट अशीच आहे. ती स्वतः काही करत नाही. पंप चालू करणारा प्रोग्रॅम वेगळा, गेट उघडणारा वेगळा. स्क्रिप्ट एकेकाला बाहेरून कमांड देते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. काम नीट झालं तर शून्य येतं. बिघडलं तर दुसरा आकडा.

काका म्हणाले, सरकारात उलटं असायचं, शून्य म्हणजे काहीच झालं नाही. आणि मग तासभर त्यांनी लेखी तक्रारीचं महत्त्व सांगितलं. गेल्या महिन्यात त्यांनी बागेतल्या दिव्याबद्दल महापालिकेला लिहिलं आणि दिवा लागला, ही कथा आता मला पाठ आहे.

स्क्रिप्ट सुधन्वाची आहे. तो माझ्या आधी इथे होता. वाचून डोकं धरलं. सगळं एकाच फाईलमध्ये, एकामागून एक. एक काम अडलं की मागची सगळी अडणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बंद हिस्सा तक्रारींचा आहे. दुपारी जेवणाच्या सुमारास स्क्रिप्ट ॲपमधली शेवटची तक्रार उचलते आणि तक्रार करणाऱ्याचं नाव एका बाहेरच्या प्रोग्रॅमला देते. उत्तर शून्य आलं की दिवसभराच्या सगळ्या तक्रारी ‘सुटल्या’ म्हणून मिटवते. हे काय काम म्हणायचं? जयदीप सर म्हणाले, ॲग्रीमेंटमध्ये तसंच ठरलं आहे, चलने दो. त्या प्रोग्रॅमचं नाव इंग्रजी अक्षरांत ‘haak’. सरांनी मला विचारलं, हाक मतलब? मी सांगितलं, बुलाना. तर म्हणाले, अच्छा, म्हणजे इंटरकॉमवर बोलावून घ्यायचा असेल.

एक चूक होती, दुरुस्त केली, आज चालू केलं. चाललं. पहिलं नाव ए टॉवरच्या मेहरांचं होतं, पाणी येत नाही म्हणून रोज भांडणारे. उत्तर यायला बराच वेळ लागला, तोवर गेट अडलं आणि गाड्यांची रांग लागली. पण शेवटी शून्य आलं. सर खूश.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुन्हा तेच. दुपारी ‘हाक’ला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ना पंप चालत, ना गेट उघडत. गेटवरून गार्ड शंकर इंटरकॉमवर मला ओरडतो, कारण गाड्यांवाले त्याच्यावर ओरडतात. म्हटलं, ‘हाक’ इतका वेळ करतो तरी काय, उघडून बघू.

तो प्रोग्रॅम सापडत नाही. सगळं मशीन धुंडाळलं. या नावाची फाईलच नाही. जो प्रोग्रॅम नाही त्याला कमांड दिली तर मशीनने लगेच सांगायला हवं की असं काही नाही. शिकाऊ पोरांनाही हे ठाऊक असतं. आणि इथे शून्य येतं. काम नीट झालं, म्हणे. कुठलं काम? कुणी केलं?

चिडून जेवलेही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार मावशी-काकांबरोबर मजेत गेला. पण डोक्यात तेच. आज जयदीप सरांना सांगितलं की तो प्रोग्रॅम मशीनवर नाही. ते म्हणाले, शून्य येतो ना? मग तुला प्रॉब्लेम काय आहे? त्यांच्या फोनवर सोसायटीच्या कमिटीचा मेसेज होता, तक्रारी संपल्याबद्दल अभिनंदन. माझा संताप झाला, पण नवीन नोकरी आहे.

सुधन्वाला फोन करू का विचारलं. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, तो न सांगता निघून गेला. कमिटीवाले रोज डोकं खायचे, त्या दिवशी तर याला उभं करून झापलं होतं. हा ओरडला की तो प्रोग्रॅम लिहायला मला वेळच दिला नाहीत, नुसती ओळ लिहिली आहे, थांबा, माझ्याच नावाने टेस्ट करतो. जेवून सर परत आले तर लॅपटॉप उघडा आणि खुर्ची रिकामी. फोन लागत नाही. कपडे न घेता रूम सोडली म्हणतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सकाळी मी स्वतः ‘हाक’ चालवून पाहिलं. नावाच्या जागी अ, ब, क असं काहीबाही टाकलं. लगेच चुकीचा आकडा आला, म्हणजे असं कुणी नाही. मग नावाची जागा मोकळी ठेवली. आता उत्तरच येईना. शून्य नाही, चूक नाही. मी बसून राहिले. फोनवर पलीकडचा माणूस काही बोलत नाही पण फोन ठेवतही नाही, तेव्हा जसं होतं ना, तसं झालं. मीच तोडलं.

दुपारी आणखी एक कळलं. उत्तराची वाट बघणं चालू असताना नवी तक्रार आली, तर स्क्रिप्ट पहिलं नाव सोडते आणि नवं घेते. आज आधी पाचव्या मजल्यावरच्या एका बाईंचं नाव होतं, ते गळलं आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं गेलं. शून्य आलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शंकर वर आला होता. मेहरांच्या दारात आठवडाभराची वर्तमानपत्रं पडली आहेत. गाडी खालीच आहे. आत टीव्ही चालू आहे. मुलगी कॅनडात, ती फोन करून रडते आहे. आज पोलीस येऊन कुलूप तोडून गेले, आत कुणी नाही. शंकरने त्यांना शेवटचं पाहिलं ते दुपारी, बेसमेंटच्या उताराने चालत जाताना. हाक मारली तर वळले नाहीत.

कालचे गृहस्थही घरी आले नाहीत म्हणे. पाचव्या मजल्यावरच्या बाई मात्र घरीच आहेत, अगदी ठीक.

योगायोग. मी मेट्रोत स्वतःला हेच सांगत होते. पण मग सगळी नावं आठवायला लागले आणि राजीव चौकाला उतरायचं राहून गेलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सर ऐकत नाहीत. म्हणाले, तू फार विचार करते. ठीक आहे. ‘हाक’ची ओळ काढू देत नाहीत ना, तर मी तिला वेळेची मर्यादा घातली. थोडा वेळ वाट बघायची, उत्तर आलं नाही तर तोडून टाकायचं. कोणताही शहाणा प्रोग्रॅमर हे आधीच करतो.

दुपारी सी टॉवरच्या भल्ला आंटींचं नाव गेलं. लिफ्टमध्ये पंखा चालत नाही, एवढीच तक्रार. मर्यादा संपली, कमांड तुटली, गेट वेळेवर उघडलं. मला इतकं बरं वाटलं की मी खाली चहा प्यायला गेले.

तिथे आरडाओरडा ऐकू आला. आंटी बेसमेंटमध्ये होत्या. पंपाच्या खोलीमागे नुसती भिंत आहे, तिच्याकडे तोंड करून उभ्या. पायात घरातल्या सपाता. हात कणकेने भरलेले, आणि कणीक अजून ओली होती. मी त्यांना धरून वळवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “किसी ने बुलाया था, बेटा. अपने ही घर का कोई था.”

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी असून गेले. भल्ला आंटींच्या घरी गेले. मुलगा म्हणाला, जेवतात, बसतात, पण नावाने हाक मारली तर त्यांना कळतच नाही. जणू दुसऱ्याच कुणाला बोलावतोय. त्याने माझ्यासमोर मारून दाखवली. आई म्हटलं, मम्मी म्हटलं, नाव घेतलं. त्या दाराकडे बघत बसल्या होत्या. अर्धवट तोडलं ते मी. माणूस परत आलं, नाव तिकडेच राहिलं.

मी ऑफिसात जाऊन ती ओळ पुसून टाकली. सरांना विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज दुपारी काही अडलं नाही. कुणी कुठे गेलं नाही. तक्रारी मात्र साठल्या, लाल आकडा वाढत गेला. कमिटीचे खुराना साहेब स्वतः वर आले आणि जयदीप सरांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले.

ते गेल्यावर सरांनी दार लावलं. मी सगळं सांगितलं. मेहरा, भल्ला आंटी, सुधन्वा. तो प्रोग्रॅम कुणी लिहिलाच नाही. नुसती हाक मारून ठेवली, आणि कुणीतरी ऐकत होतं.

ते खिडकीपाशी जाऊन उताराकडे बघू लागले. मग म्हणाले, “उत्तरा, मला माहीत आहे तो निघून नाही गेला. मी त्याला उतारावर जाताना पाहिला. पण हा काँट्रॅक्ट गेला तर मी संपलो, यार.”

मी म्हटलं, “सर, माणसं जातायत.”

“रोज एक,” ते म्हणाले. “तो पण कोण? जो जास्त कटकट करतो.”

त्यांनी ती ओळ पुन्हा लावली. माझा पासवर्ड बदलला. मी आता स्क्रिप्ट फक्त बघू शकते. मशीनच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

राजीनामा दिला. म्हणतात नोटिशीचे दिवस भर. उद्यापासून येणार नाही असं ठरवलं होतं. पण मी नसले तर दुपारी तिथे बघणारं कुणीच नाही.

पोलिसांत गेले. हवालदाराने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मॅडम, ॲपमध्ये तक्रार केल्याने माणूस गायब होतो, असं लिहू का. मी उठून आले.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, कृपया ॲपमध्ये तक्रार करू नका. लोकांनी माझ्याविरुद्ध तक्रारी केल्या. ॲपमध्येच.

आज जिचं नाव गेलं ती माझ्याच वयाची होती. मी जिना उतरून धावले. तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, घाई असल्यासारखा. उताराखाली वळली. मी मागोमाग होते. वळणापलीकडे कुणीच नव्हतं. नुसता पंपाचा आवाज आणि ती भिंत.

वर येऊन पाहिलं. शून्य.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काकांनी विचारलं, चेहरा का असा. मी सांगितलं, साहेब छळतात. एवढंच. बाकीचं कसं सांगणार. काका तडकले. म्हणाले, लेखी दे. मी म्हटलं, काका, कृपा करून काही लिहू नका कुठे, आणि ऑफिसला येऊ नका. मावशीने त्यांना गप्प केलं.

आज खुराना साहेबांचं नाव गेलं. त्यांनी स्वतःच तक्रार टाकली होती, मी उद्धटपणे बोलते म्हणून. मी खिडकीत उभी होते. मी खाली गेले नाही. गेले नाही — पाय उचललेच नाहीत.

जयदीप सरही खिडकीत होते. त्यांना वाटलं नव्हतं की ओळखीचंही कुणी —

२० नोव्हेंबर, गुरुवार

सर आले नाहीत. फोन बंद. मशीनच्या खोलीला कुलूप. मी खुर्ची उचलून दारावर मारली, पत्र्याचं दार आहे, नुसता पोचा पडला. मशीन बंद केलं असतं तरी अर्ध्यात तुटलं असतं — आंटींसारखं. मग काय करायचं, काहीच सुचत नाही. सगळ्या गोष्टींची कमांड आहे आणि ही थांबवायची नाही.

दुपार

गेट अडलं आहे. कुणीतरी नाव दिलं.

खाली काका आहेत.

मावशीचा फोन. ते मला घ्यायला निघाले होते, तिने अडवलं तरी. गेटवर ताटकळत उभं केलं म्हणून चिडले. पाहुण्यांसाठी शंकरच्या टेबलावर जो स्क्रीन आहे, त्यावर त्यांनी तक्रार लिहिली. पूर्ण नावानिशी.

स्क्रीनवर काकांचं नाव, श्यामकांत. स्क्रिप्ट थांबली आहे.

ते चहाचा कप ठेवतात. उताराकडे वळले. शंकरला फोन केला, धर म्हटलं — तो म्हणतो दोघं मिळून धरलं तरी थांबत नाहीत —

फोनवर ॲप उघडलं. नवी तक्रार टाकायची. नवं नाव आलं की जुनं सुटतं. त्याला कुणी ना कुणी मिळालं की झालं.

अ ब क टाकलं. चूक. परत काकांवर.

जयदीप टाकलं. पूर्ण नाव, फ्लॅट, सगळं. बोट बटणावर होतं. त्याने सुधन्वाला जाताना पाहिलं आणि जेवण पुरं केलं. त्याला मी —

पुसलं. नाही होत माझ्याने.

काका वळणापाशी. वेळ नाही.

माझं टाकलं.

थांबले. काका थांबले. कपाळाला हात लावून इकडेतिकडे बघतात. शंकर त्यांना वर आणतो आहे. त्यांनी शंकरवर डाफरायला सुरुवात केली. बरे आहेत. मावशीला मेसेज केला, काकांना घेऊन जा, मी उशिरा येते.

स्क्रीनवर मी.

मला वाटलं होतं हाक इंटरकॉममधून येईल. किंवा मशीनच्या खोलीतून. तसं नाही. जिन्याकडून येते, आणि अगदी साधी आहे. जेवायला वाढून झाल्यावर आई मारते तशी. भीती वाटायला हवी, पण मला नुसतं — इतके दिवस कुणी ऐकून घेत नव्हतं, आणि इथे कुणीतरी नावाने —

उठायचं नाही. लिहायचं. जो ही डायरी उघडेल त्याने दार फोडावं आणि स्क्रिप्टमधली ती ओळ काढावी, दुपार सोडून कधीही, कुणाचं नाव चालू नसताना. तो प्रोग्रॅम मशीनवर नाही, कधीच नव्हता. सुधन्वाने नुसती हाक मारली. उत्तर जे देतं ते आतलं नाही, ते बाहेरून आलं आहे, आणि त्याचा आवाज — थांब, येते — त्याचा आवाज माझ्या